विनावाहक, विनाथांबा, गारगोटी

आपल्या वजनाबाबत आमच्या हिने आजवर एकच कागद अधिकृत मानला आहे. सातारा स्टँडवरच्या काट्यातून १९९४ साली पडलेलं पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला ५८ किलो आणि दुसऱ्या बाजूला ‘स्वभाव उदार. दूरचा प्रवास घडेल.’ त्यामुळे विचिटाला भाच्याने जेवणाच्या टेबलावर "मामी, तुमचं वजन किती?" असं विचारलं, तेव्हा तिने विनाविलंब "अठ्ठावन्न" असं सांगून टाकलं. भाच्याने अठ्ठावन्नाचे पौंड केले, पेन्सिल थांबवली, मामीकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता बाथरूममधला काटा आणून जमिनीवर ठेवला.

"मामी, विमान लहान आहे. त्याला खरं सांगावं लागतं."

काट्याने जे सांगितलं ते भाच्याने कागदावर लिहिलं आणि कागद उलटा करून ठेवला. मग मी चढलो. मग पिशवी चढली. पिशवी नऊ किलोची निघाली. डिंकाचे लाडू, भडंग, पाण्याच्या तीन बाटल्या, स्वेटर आणि छत्री. जायचं होतं साठेक किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून कराडला जाण्यापेक्षा थोडं जास्त. पण ही म्हणाली, वाटेत काही मिळालं नाही तर?

"मामी, वाट हवेत आहे."

"तेच म्हणतेय मी."

चार जणांचं ते विमान. टाक्या पूर्ण भरल्या की माणसं नि सामान मिळून अडीचशे किलोंच्या आसपास नेता येतं, वर एक लाडूही नाही. शिवाय नुसतं वजन चालत नाही, ते कुठे ठेवलंय याचाही हिशेब. जड माणूस पुढे, हलकं मागे. आमच्याकडचा वडापवाला जीपची माणसं मोजत नाही, दार लागतंय का एवढंच बघतो, आणि ते लागत नसेल तर दारात उभा राहणारा एक माणूस घेतो. हे मी भाच्याला सांगितलं. त्याने छत्री नि स्वेटर काढून ठेवला.

आता मी कोण ते सांगतो. मी एसटीत एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अठरा वाहतूक नियंत्रक म्हणून. ‘फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी’ असं सुरू होऊन पुढे घर्रर्र झालेला जो आवाज तुम्हाला आयुष्यात कधी कळला नाही, तो माझा. बहिणीचा हा मुलगा विचिटात विमानांच्या एका कारखान्यात इंजिनिअर. कॅन्सस राज्यातलं हे गाव स्वतःला जगाची हवाई राजधानी म्हणवतं. १९२५ साली क्लाइड सेसना, वॉल्टर बीच आणि लॉइड स्टीअरमन यांनी इथे भागीदारीत विमानांची कंपनी काढली. दोन वर्षांत भागीदारी फुटली, ज्याने त्याने आपली वेगळी चूल मांडली, आणि पुढे विमानं तिन्ही नावांची निघाली. वाटण्या होऊन गावाचं भलं झाल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण. आमच्या भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा नुसता बांध वाढला.

तर भाच्याकडे खाजगी वैमानिकाचा परवाना होता, क्लबकडून तासावर भाड्याने मिळणारं एक सेसना १७२ होतं, आणि कधी न गेलेल्या एका गावाचा पत्ता होता. ब्यूमाँट नावाचं वीस-पंचवीस घरांचं गाव. तिथे गवताची धावपट्टी आहे आणि १८७९ सालचं हॉटेल आहे. धावपट्टीवर उतरायचं, विमान रस्त्याने चालवत थेट हॉटेलच्या दारात न्यायचं, जेवायचं नि परत यायचं. या मंडळींत याला शंभर डॉलरचा बर्गर म्हणतात. बर्गरची किंमत किरकोळ, बाकी सगळं विमानाचं भाडं.

"रस्त्याने?" मी विचारलं.

"रस्त्याने. गाड्या असतात त्याच."

इथे माझ्यातला नियंत्रक जागा झाला. मी निघताना शंभर पानी वही घेतली नि पहिल्या पानावर रकाने आखले. मार्ग, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, प्रवासी, शेरा.

विमान पाहिल्यावर ही गप्प झाली. सेसना १७२ हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं विमान, चव्वेचाळीस हजारांच्या वर निघालीत, म्हणजे आपल्या लाल गाडीसारखंच सर्वपरिचित. पण आमच्या वाट्याला आलेलं साधारण आमच्या लग्नाच्या वेळचं होतं, आणि दोन्हींचा रंग सारखाच उडालेला. दार डब्याच्या झाकणासारखं लागलं.

भाचा मात्र त्याच्याशी फार अदबीने वागत होता. त्याने पंखांवरून हात फिरवला, चाकं दाबली, ऑइल पाहिलं. मग शिडीवर चढून पंखातल्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत काठी घातली. मला भरून आलं.

"अरे, आत काटा आहे ना पेट्रोलचा?"

"आहे. पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका असं पहिल्याच दिवशी शिकवतात."

जगात कुठेही जा, अनुभवी चालक काठीवरच चालतो. मग त्याने टाकीच्या बुडातून एका पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढलं नि उजेडात धरलं. पाणी किंवा कचरा तर नाही ना, ते बघायचं असतं. पेट्रोल निळं होतं, धुतल्या कपड्यांना घालतो त्या निळीसारखं. ही म्हणाली, "विसळतोय का काय?"

मला पुढे बसवलं, उजवीकडे. बसल्यावर कळलं की माझ्यासमोरही एक स्टिअरिंग आहे आणि पायाशी पेडलही आहेत. "मामा, कशालाही हात नाही, पाय नाही," भाचा म्हणाला. एकतीस वर्षांत माझ्यापुढे स्टिअरिंग आलं ते हे पहिलं, आणि ते असं. पायाला पेडल लागू नयेत म्हणून मी संपूर्ण प्रवास मांडी घालण्याच्या प्रयत्नात केला.

भाच्याने एक प्लास्टिकचं कार्ड काढलं आणि त्यावरून एकेक ओळ मोठ्याने वाचत बटणं दाबायला लागला. ही मागून म्हणाली, "अजून पुस्तकात बघून चालवतो होय रे?" तो म्हणाला, पन्नास वर्षं चालवणाराही वाचूनच करतो. मग खिडकी उघडून तो जोरात ओरडला, "क्लिअर!" पंख्याजवळ कोणी असेल तर त्याने बाजूला व्हावं म्हणून. अर्ध्या किलोमीटरात कुत्रंसुद्धा नव्हतं. पण ओरडायचंच असतं, आणि हे मला फार आवडलं. रिकाम्या स्टँडवर पहाटे चारची गाडी मी अशीच पुकारायचो.

कानाला हेडफोन लावले. पुढे माझ्या सगळ्या नोकरीवर पाणी फिरवणारा संवाद झाला.

"कंट्रोलर कुठे बसतो इथला?"

"इथे टॉवर नाही, मामा. कंट्रोलर नाही."

"मग गाड्या सोडतं कोण?"

"कोणी नाही. आपणच रेडिओवर सांगायचं, मी इथे आहे, मी असा चाललोय. बाकीचे ऐकतात. तेही सांगतात. आपण ऐकतो."

आणि हे काही आडबाजूचं प्रकरण नव्हतं. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे पाच हजारांच्या आसपास विमानतळ आहेत आणि टॉवर आहेत जेमतेम पाचशेवर काही. बाकी सगळीकडे नियंत्रकाची खिडकी बंद! त्याने माइक उघडून सांगितलं, "जबारा ट्रॅफिक," मग आपला नंबर, मग धावपट्टीचा आकडा, आणि शेवटी पुन्हा "जबारा." कोरियाच्या युद्धातल्या एका वैमानिकाचं नाव आहे त्या विमानतळाला. नाव दोनदा का, तर एकाच फ्रिक्वेन्सीवर पाच-सहा गावं बोलत असतात, नाही तर कोण कुठे उतरतोय कळत नाही.

"ट्रॅफिक म्हणजे कोण?"

"जो असेल तो."

जो असेल त्याला उद्देशून बोलणं आम्ही फक्त देवापुढे करतो. मी वहीत सुटण्याची वेळ लिहिली, १०:२५. शेरा: नियंत्रक गैरहजर.

वर गेल्यावर खाली चौकटीची वही उलगडल्यासारखा मुलूख दिसला. मैला-मैलावर सरळ रस्ते, उत्तर-दक्षिण नि पूर्व-पश्चिम, मध्ये एकेक चौकोन शेत. बांधाला वाकडेपणा औषधालाही नाही. इकडचे तलाठी काय करत असतील? मध्येच जमिनीतून तेल उपसणारे पंप मान डोलावत होते, कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यासारखे. मागे हिने रामरक्षा सुरू केली होती. हेडफोनमुळे ती तिघांनाही सारखीच ऐकू येत होती आणि इंजिनाचा आवाज तीत बेमालूम मिसळला होता.

विमान तिरकं चाललं होतं. नाक दक्षिणेकडे कललेलं आणि आम्ही सरकत होतो पूर्वेला. कॅन्ससला दक्षिणेचा वारा सतत असतो आणि सरळ जायचं तर त्याच्याकडे तोंड करून जावं लागतं, खेकड्यासारखं. मी हिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या वडिलांशी मी अशीच चालत होते."

पंधरा मिनिटांनी चौकोन संपले. एकदम. नांगर संपला नि गवत लागलं, हिरवं, क्षितिजापर्यंत, मऊ टेकड्यांचं. "फ्लिंट हिल्स," भाचा म्हणाला.

"फ्लिंट म्हणजे?"

"गारगोटी."

रामरक्षा थांबली. "अगंबाई, गारगोटी! माझ्या मावशीचं गाव."

अमेरिकेतल्या या गारगोटीत जमिनीच्या वरच्या थरातच गारगोट्या इतक्या, की नांगर चालेना. म्हणून इथलं माणसाच्या छातीएवढं वाढणारं गवत वाचलं. एके काळी हे गवत देशाच्या मधोमध दूरवर पसरलेलं होतं, आता चार टक्केही उरलेलं नाही, आणि उरलेलं बहुतेक इथेच. दर वसंतात ते मुद्दाम जाळतात, मग नवं फुटतं आणि गुरं सोडतात. आम्ही मे महिन्यात होतो, म्हणून सगळं नुकतं फुटलेलं. भुदरगडाकडच्या सड्यांवर जुलैत असं दिसतं. हिने मावशीच्या घरचा पत्ता मनात काढला असावा, कारण तिची भीती गेली नि तिने भडंगाची पुडी सोडली.

त्याच वेळी भाच्याचा टॅबलेट तापला.

नकाशा त्यावर होता. उन्हात ठेवला की तो तापतो नि ‘आधी थंड होऊ दे’ असं सांगून काळा पडतो. भाच्याने तो सीटखालच्या सावलीत सरकवला, घडीचा कागदी नकाशा काढला, गुडघ्यावर पसरला, आणि चाळीस सेकंदांनी ते वाक्य उच्चारलं जे कुठल्याही चालकाच्या तोंडी आलं की मी उतरून चहा पितो.

"इथेच कुठंतरी असायला पाहिजे."

अडचण अशी होती की उतरायचं होतं गवताच्या धावपट्टीवर. आणि चहूबाजूंनी गवत. हिरव्या शालूवर पडलेला हिरवा धागा शोधायचा होता. भाचा एका बाजूला वळला, मी खाली बघितलं, काही गाई वर बघत होत्या. दुसऱ्या बाजूला वळला, वेगळ्या गाई. दक्षिणेला पवनचक्क्यांची रांग दिसत होती, चाळकेवाडीच्या पठारासारखी. भाचा म्हणाला, त्या गावाच्या दक्षिणेला आहेत, म्हणजे गाव उत्तरेला. एवढं बरोबर होतं. पण उत्तरेला कॅनडासुद्धा आहे.

इथे मला माझा धंदा आठवला. नव्या मार्गावर वस्तीची गाडी घेऊन गेलेला चालक अंधारात गाव कसं ओळखतो? पाटी वाचत नाही. पाटीवर निवडणुकीचा कागद चिकटवलेला असतो. तो पाण्याची टाकी बघतो.

"टाकी आहे का रे गावाला?"

"टाकी? हो! जुनी लाकडी टाकी आहे, रेल्वेची!"

मग तिघांनी टाकी शोधली आणि सांगायला संकोच वाटतो, पण ती मला दिसली. झाडांच्या पुंजक्याशेजारी लाकडी पिंपासारखी, उंच पायांवर उभी. वाफेच्या इंजिनांना पाणी द्यायला १८८५ साली बांधलेली. टाकीशेजारी घरं, घरांपलीकडे वारा दाखवणारा एक कापडी मोजा खांबावर ताठ आडवा झालेला, आणि मोज्याशेजारी इतर गवतापेक्षा थोडं कमी वाढलेलं गवत.

"ही धावपट्टी?"

"हीच."

आमच्या शाळेचं मैदान याच्यापेक्षा ठळक होतं. धावपट्टीला आकडा असतो, होकायंत्राच्या अंशांतलं शेवटचं शून्य काढून. दक्षिणेकडे तोंड करून उतरायचं तर १८. पण गवतावर आकडा कुठे लिहिणार? भाच्याने आधी वरून एक फेरी मारली. गुरं नाहीत ना, खड्डा नाही ना, वारा कुठला. मग "ब्यूमाँट ट्रॅफिक" म्हणून सगळ्या गवताला कल्पना दिली. उत्तर नाही. मला वाटतं इथे तरी एक माणूस हवा होता. नुसतं ‘या’ म्हणायला.

चोवीसशे फुटांची पट्टी समोर आली, झाडं खालून गेली, जमीन वर आली, आणि आम्ही टेकलो. मग आम्ही पुन्हा हवेत होतो. मग टेकलो. मग पुन्हा थोडे हवेत. तिसऱ्यांदा टेकलो ते मात्र कायमचे, आणि खडखडत, लाडवांसकट हलत, हळूहळू थांबलो. एसटीत टप्पा सहा किलोमीटरचा असतो, त्यावर भाडं ठरतं. भाच्याने तीन टप्पे चारशे फुटांत बसवले.

इंजिन मंद गरगरत होतं. मागून हिचा आवाज आला, "आलं का?"

"तीनदा," मी म्हणालो.

आता रस्ता. गवतावरून विमान वळलं नि खरोखरच गावच्या रस्त्याला लागलं. छत्तीस फूट पंख. रस्त्याच्या दोन्ही कडांबाहेर हात पसरून आम्ही चाललो होतो, लग्नात नवरदेवाच्या पुढे नाचणाऱ्या मामासारखे. एक टपालपेटी डाव्या पंखाखालून गेली. समोरून एक जुना पिकअप ट्रक आला, मागे गवताच्या गोल गंज्या. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ट्रक बाजूच्या गवतात उतरून उभा होता, आणि आतल्या म्हाताऱ्याने स्टिअरिंगवरचं एक बोट फक्त वर केलं. भाच्यानेही बोट वर केलं. कर्कश हॉर्न नाही, ‘दिसत नाही का’ नाही, कोणाची आई नाही. चौकात ‘थांबा’ची पाटी होती. विमान थांबलं. कोणीच नव्हतं, तरी थांबलं. मग पुढे गेलं.

हॉटेलसमोर गवताच्या जागेत विमान लावायचं होतं आणि तिथे एक अडचण निघाली जी कोणी मला आधी सांगितली नव्हती. विमानाला रिव्हर्स नसतो. इंजिन बंद करून, पुढच्या चाकाला दांडा अडकवून ते माणसाने ढकलायचं असतं. भाचा दांड्याला लागला. मी पंखाच्या टोकाशी गेलो. आणि मग मला काय झालं माहीत नाही. एकतीस वर्षं छातीत साठलेलं वर आलं. मी हात वर केला आणि कॅन्ससच्या त्या निवांत गावात पूर्ण दमाने ओरडलो:

"येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या! डावीकडं घ्या! येऊ द्या... बस्स!"

हॉटेलच्या पडवीतले दोघे उठून उभे राहिले. विमान रेषेत बसलं होतं. भाचा म्हणाला, "मामा, इतकं सरळ मी कधी लावलं नव्हतं." मग आम्ही दोरांनी पंख नि शेपूट जमिनीतल्या कड्यांना बांधले. या वाऱ्यात मोकळं ठेवलं तर विमान आपल्याशिवाय जायला निघतं. बैल गोठ्यात बांधतात तसंच, फक्त पेंड घालावी लागत नाही.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गुरुवार असल्याने हिने बर्गरच्या वाटेला न जाता बटाट्याचे काप मागवले. नंतर वाढणारी बाई गोड काय हवं विचारायला आली आणि म्हणाली, "पाय?" ही म्हणाली, गुरुवारी पाय? शी! फळाचा असतो, हे पटवायला दहा मिनिटं गेली, आणि नंतर हिने दोन खाल्ले. शेजारच्या टेबलावर मोटरसायकलवाले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, तुम्ही रस्त्याने आलात की हवेतून? मी म्हणालो, दोन्ही. लाडू फिरवले. डिंकाचा लाडू फोडताना त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याला तोही गारगोटीच वाटला असावा, पण त्याने संपवला.

परतीच्या प्रवासात काही घडलं नाही. टॅबलेट थंड होऊन आपल्या कामाला लागला होता, ही झोपली, आणि जबाराला विमान इतकं अलगद टेकलं की ती उठलीच नाही.

संध्याकाळी भाचा आपलं लॉगबुक भरत बसला, मी माझी वही. तो म्हणाला, इथला नियम असा की प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत वैमानिकाने तीन वेळा उडून तीन वेळा उतरलेलं असावं लागतं. त्याने त्या दिवशीच्या रकान्यात प्रामाणिकपणे दोन उतरणी मांडल्या. माझ्या वहीत चार आहेत.